माजी सैनिक असलेल्या आजोबांची स्मरणिका: सैन्यातली वर्षे कशी लिहावीत?

प्रश्न: खारेगावची नात (कळवा)

सर्वांना नमस्कार. माझे आजोबा गेल्या मार्गशीर्षात वृद्धापकाळाने गेले. येत्या वर्षश्राद्धाला नातेवाईक, सोसायटीतली मंडळी आणि त्यांचे हयात असलेले थोडे मित्र जमतील, तेव्हा त्यांच्या हाती द्यावी म्हणून एक छोटी स्मरणिका छापायचे घरात ठरले आहे आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ज्यांच्या घरात कोणी सैन्यात होते किंवा जे स्वतः सैन्यात होते, अशांचा सल्ला मिळाला तर फार बरे होईल.

आजोबा मूळचे साताऱ्याच्या माण तालुक्यातले. चीनच्या युद्धानंतर मोठी भरती चालू होती, त्या काळात म्हणजे १९६३ साली ते पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात, भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. नंतर ठाण्यात येऊन त्यांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी केली आणि खारेगावात घर घेतले. माझा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे मला ठाऊक असलेला माणूस हा सर्वस्वी आजोबाच होता.

त्या आजोबांबद्दल लिहायला माझ्याकडे पुष्कळ आहे. आई-बाबा दोघेही सकाळची लोकल पकडून मुंबईला जात, त्यामुळे आम्हा नातवंडांची शाळा, डबे, दुखणीखुपणी सगळे आजोबा आणि आजी यांनीच पाहिले. प्रत्येक नातवंडाच्या उंचीप्रमाणे त्यांनी अभ्यासाचे लाकडी डेस्क स्वतःच्या हाताने करून दिले आणि उंची वाढली की त्याचे पायही वाढवून दिले. दप्तर असो की सहलीची वळकटी, बांधायची ती सुरगाठीनेच, निरगाठ मारलेली त्यांना खपत नसे. अंधारात एका हाताने सुटली पाहिजे, असे म्हणत. पावसाळ्यात फाटकाजवळ पाणी साचले की ते आम्हाला मागे उभे करून छत्रीच्या टोकाने पुढची जमीन तिरपी चाचपत पुढे जात आणि आम्ही त्यांच्याच पावलावर पाऊल ठेवून यायचे, असा नियम होता. रस्त्यात पडलेला डबा किंवा खोके लाथेने उडवणे हा तर आमच्या घरात गुन्हाच. एरवी कधी हात न उगारणाऱ्या आजोबांनी माझ्या भावाच्या एकदाच थोबाडीत मारली, ती रिकामा डबा उडवल्याबद्दल.

सैन्याबद्दल मात्र ते बोलत नसत. २०१८ साली लष्कराने एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली या स्थानकांवर पादचारी पूल बांधले, तेव्हा ‘आपल्या पोरांनी बांधलाय’ म्हणून ते मला मुद्दाम आंबिवलीला घेऊन गेले आणि पुलाखाली उभे राहून बराच वेळ त्याचे सांधे निरखत राहिले. त्या विषयावर मी त्यांच्या तोंडून ऐकलेले सर्वांत मोठे वाक्य तेच.

अडचण अशी की आतेभावाने सैन्याविषयीचा मजकूर आधीच लिहून ठेवला आहे. त्यात आजोबा ‘१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत शौर्याने लढले’, ‘ढाक्यातील ऐतिहासिक शरणागतीचे साक्षीदार होते’ असे लिहिले आहे. त्याला तसे कोणीतरी गावाकडे सांगितले होते. आजीला विचारले तर ती ‘लढाईत होते एवढं खरं’ म्हणून उठून जाते. त्यांच्या काळ्या ट्रंकेत पदके सापडली, त्यांवरची नावे मी भिंगातून वाचली: रक्षा पदक १९६५, पश्चिमी स्टार, संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचे पदक, ‘हिमालय’ अशी पट्टी असलेले सैन्य सेवा पदक आणि दीर्घ सेवेची दोन पदके, एक ९ वर्षांचे व एक २० वर्षांचे. यावरून काही कळू शकते का? आणि कळत नसेल तर त्या वर्षांबद्दल लिहावे तरी काय?

उत्तर: निवृत्त सुभेदार (खारघर)

ताई, प्रथम आपल्या आजोबांना माझा नमस्कार. मीही सॅपर, खडकीचाच. मी भरती झालो तेव्हा ते निवृत्तीला आले असतील, त्यामुळे आमची गाठ पडल्याची शक्यता कमी आहे. पण आपण जे लिहिले आहे त्यावरून माणूस ओळखू आला.

पदके पुष्कळ बोलतात, फक्त ती एकेक सुटी वाचता येत नाहीत. कोणते आहे याबरोबर कोणते नाही, तेही पाहावे लागते. १९६५ च्या युद्धासाठी दोन पदके होती. त्या वेळी सैन्यात सेवेत असलेल्यांना रक्षा पदक मिळाले, आणि प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला. आपल्या यादीत रक्षा पदक आहे, स्टार नाही. म्हणजे १९६५ साली ते गणवेशात होते, परंतु आघाडीवर नव्हते. त्यात कमीपणा काही नाही. दीड-दोन वर्षांच्या सेवेचा जवान तेव्हा प्रशिक्षणानंतर दुसऱ्या कुठल्या ठिकाणी असणे अगदी स्वाभाविक आहे.

१९७१ साठीही असेच. पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार. शरणागतीवर ढाक्याच्या रेसकोर्स मैदानात १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी भारताच्या जनरल अरोरांसमोर सही केली, तेव्हा पश्चिमी स्टारचा मानकरी तिथे उभा असणे सहसा संभवत नाही. पश्चिमेकडे तर त्या संध्याकाळी लढाई चालूच होती. तिथला युद्धविराम दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला झाला. आपल्या आतेभावांना दुखवण्याचा हेतू नाही, परंतु ढाक्याचे वाक्य काढून टाकावे. स्मरणिका वाचणाऱ्यांत एखादा जरी त्या काळचा फौजी असला, तरी तो पदकांचा फोटो पाहील आणि वाक्य वाचील, आणि मग आजोबांच्या खऱ्या नोकरीवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

आता संग्राम पदक. याची मुदत ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ अशी आहे. युद्ध चौदा दिवसांत आटोपले, मग पदक वर्षभराचे का, असे लोक विचारतात. सैन्य दिवसा-दोन दिवसांत परत येत नाही. सिमला करार २ जुलै १९७२ ला झाला, जिंकलेला मुलूख परत देऊन सैन्य मागे घ्यायला वर्षअखेर उजाडली. आणि सॅपरच्या दृष्टीने सांगायचे तर युद्ध थांबले म्हणून सुरुंग थांबत नाहीत. दोन्ही बाजूंनी पेरलेले सुरुंग जमिनीत तसेच असतात, शेतकऱ्याला तिथे नांगर धरायचा असतो, आणि ते काढणार कोण, तर ज्यांना ते काम येते तेच. गोळीबार थांबल्यावरही त्या कामात माणसे हातापायांनी अधू झाली, काही गेलीही. त्याच्या बातम्या होत नाहीत.

ते काम कसे असते तेही थोडक्यात लिहितो, कारण माझ्या मते ते आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. सुरुंगक्षेत्रातून वाट काढताना सॅपर पोटावर पालथा पडतो आणि हातातली टोकदार सळई जमिनीत तिरपी खुपसत वीतभर वीतभर पुढे सरकतो. सळई सरळ उभी दाबली तर ती सुरुंगाच्या माथ्यावर बसेल, तिरपी गेली तर त्याच्या कुशीला लागते, म्हणून ती तिरपीच धरायची. वाट मोकळी झाली की दोन्ही बाजूंना पांढरी फीत अंथरतात आणि मागच्यांनी त्या फितींच्या आतूनच, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून यायचे असते. रस्त्यात बेवारस पडलेल्या वस्तूला हात किंवा पाय लावायचा नाही, हा तर आमचा पहिला धडा. रिकाम्या डब्याखाली, मोडक्या खुर्चीखाली, टाकून दिलेल्या बुटाखाली स्फोटके लावून ठेवायची रीत जगभर आहे. आपल्या आजोबांची छत्री, फाटकाजवळचे पाणी आणि आपल्या भावाला बसलेली थोबाडीत यांचा अर्थ मी आणखी वेगळा सांगत बसत नाही.

कागदांबद्दल: ट्रंकेत किंवा आजींच्या कपाटात डिस्चार्ज बुक असणारच. त्यात भरतीची व निवृत्तीची तारीख, ट्रेड, हुद्दे, पदके आणि वर्तणुकीचा शेरा असतो. आमच्याकडे लढाईच्या प्रशिक्षणाबरोबरच प्रत्येकाला काही ना काही ट्रेड असतो. कोणी सुतार, कोणी गवंडी, कोणी लोहार, कोणी यंत्रे चालवणारा. जुनी पाकिटे असतील तर त्यांवरचा पत्ताही पाहावा. ५६ एपीओ (लष्करी टपाल कार्यालय) असेल तर टपाल दिल्लीमार्गे उत्तर आणि पश्चिमेकडे जात असे, ९९ एपीओ असेल तर कोलकात्यामार्गे पूर्वेकडे. याशिवाय खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या, म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्याच, रेकॉर्ड ऑफिसला आजींच्या सहीने पत्र लिहून, सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पीपीओची (निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशाची) प्रत जोडून, सेवेचा तपशील विचारता येतो.

एक मोह मात्र टाळावा. इंटरनेटवर पाहिले की पश्चिम आघाडी आणि सॅपर म्हटल्यावर लगेच बसंतरची लढाई समोर येते, कारण तिथे सुरुंगक्षेत्रातून रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम प्रसिद्ध आहे. तुमच्या हाती कागद येईपर्यंत आजोबांना बसंतरला नेऊन बसवू नका. पश्चिम आघाडी जम्मू-काश्मीरपासून कच्छपर्यंत पसरलेली होती.

उत्तर: नौपाड्यातील संपादिका

सुभेदारसाहेबांनी वस्तुस्थितीचा भाग इतका उत्तम सांगितला आहे की त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. मी अनेक वर्षे स्मरणिका आणि गौरवअंक यांचे संपादन करते, त्यामुळे लेखनाबद्दल तेवढे बोलते.

अशा मजकुरात बहुतेक वेळा दोन प्रकरणे पडतात. पहिल्या प्रकरणात ‘देशसेवा’ येते आणि तिथे तिरंगा, रणगाड्याचे चित्र व विशेषणे असतात. दुसऱ्यात ‘प्रेमळ आजोबा’ येतात आणि तिथे पुन्हा विशेषणे असतात, फक्त मऊ. दोन्ही प्रकरणे वाचून माणूस दिसत नाही. आपल्या प्रश्नातला डबा उडवण्याचा प्रसंग वाचताना मात्र तो मला दिसला. म्हणून माझा सल्ला असा की सैन्याचे स्वतंत्र प्रकरण करूच नका. खारेगावपासून सुरुवात करा आणि जिथे जिथे एखाद्या सवयीचा उगम सैन्यात आहे तिथे तेवढ्यापुरते मागे जा. छत्रीपाशी सुरुंगाचे काम सांगा, सुरगाठीपाशी खडकीचे प्रशिक्षण सांगा, आंबिवलीच्या पुलापाशी बॉम्बे सॅपर्सचा इतिहास चार ओळींत सांगा. त्या दलाची परंपरा १८२० पासूनची आहे आणि परमवीरचक्र मिळवणारे रामा राघोबा राणे याच दलातले होते, हे वाचकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. सॅपरचे शौर्य कशात असते ते त्या एका उदाहरणातून कळते, आणि मग आजोबांना ‘शूर’ म्हणण्याची गरज उरत नाही.

‘वीर’, ‘योद्धा’, ‘रणझुंजार’ हे शब्द सरसकट गाळावेत. ‘शहीद’ तर नकोच नको. तो शब्द वाढत्या वयात, अंथरुणावर, नातवंडांच्या समोर गेलेल्या माणसासाठी वापरलेला मी गेल्याच वर्षी एका फलकावर पाहिला आणि त्या घरच्यांना हे कसे सांगावे ते मला कळले नाही.

आजींचे म्हणाल तर त्यांना समोर बसवून, फोन पुढे धरून, ‘१९७१ बद्दल सांग’ असे विचारू नका. त्यांना त्यांच्याबद्दल विचारा. नवरा सीमेवर असताना गावात घर कोणी चालवले, पैसे कसे येत, पत्र कोण वाचून दाखवी, मूल आजारी पडले तर काय केले, हे विचारा. सैनिकाच्या आयुष्याचा निम्मा भाग गावी राहिलेल्या बाईने जगलेला असतो आणि स्मरणिकांमध्ये तो ‘त्यांना पत्नीची समर्थ साथ लाभली’ या एका वाक्यात गुंडाळला जातो. ते वाक्य तर आपण लिहूच नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर: वाशीकर

मी थोडे वेगळे मत मांडतो, कृपया गैरसमज नसावा. माझेही आजोबा सैन्यात होते, तेही बोलत नसत, आणि ते गेल्यावर मीही असाच उत्साहाने कागद शोधायला लागलो होतो. आईने एकच प्रश्न विचारला: त्यांना सांगायचे असते तर त्यांच्याकडे चाळीस वर्षे होती, मग आता तू कोणाच्या परवानगीने शोधतो आहेस? मी थांबलो. मला वाटते, काही माणसांनी जाणूनबुजून एक दार लावून घेतलेले असते आणि त्यांच्या माघारी ते उघडणे हा त्यांचा सन्मान होईलच असे नाही. आपल्या आजी उठून जातात, यातच उत्तर आहे असे मला वाटते. स्मरणिकेत भरतीचे वर्ष, निवृत्तीचे वर्ष आणि हुद्दा एवढे लिहावे, आणि बाकीची पाने आजोबांना द्यावीत.

उत्तर: निवृत्त सुभेदार (खारघर)

वाशीकर, आपल्या मातुःश्रींच्या प्रश्नाचा मी आदर करतो आणि जखम उकरू नये हे मलाही मान्य आहे. परंतु न बोलण्याची कारणे अनेक असतात. काही जण खरोखरच आठवणी टाळतात. काहींना सुरुवातीपासून शिकवलेले असते की युनिट कुठे आहे, काय करते, हे घरी सांगायचे नाही, आणि ती सवय पेन्शनीतही सुटत नाही. आणि पुष्कळांना, यांत मी स्वतःही आलो, असे वाटत असते की ऐकणाऱ्याला गोळीबाराची गोष्ट हवी आहे. आपल्याकडे आहे ती चिखलात पूल जोडल्याची, रस्ता दुरुस्त केल्याची, हिवाळ्यात पाण्याच्या टाक्या गोठल्याची गोष्ट, ती कोण ऐकणार? माझ्या नातवाने एकदा मला विचारले, ‘आबा, तुम्ही किती शत्रू मारले?’ मी म्हटले, एकही नाही. त्याचा चेहरा पडला. त्यानंतर मीही पुष्कळ दिवस काही सांगितले नाही.

जो माणूस नातीला हाताला धरून आंबिवलीचा पूल दाखवायला नेतो, त्याने दार लावून घेतले होते असे मला वाटत नाही.

उत्तर: सीवूड्सची सून

मूळ प्रश्नाला सोडून नाही, पण व्यवहाराची एक बाब सांगते, कारण शोकाच्या वर्षात ती राहून जाते. आजींचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले आहे ना? पीपीओवर त्यांचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का ते पाहावे. माझ्या सासूबाईंचे नाव गावच्या नोंदीत एक आणि बँकेत दुसरे होते, त्यामुळे आम्हाला बरेच हेलपाटे पडले. ठाण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वीरपत्नी आणि माजी सैनिकांच्या विधवा यांच्यासाठीच्या ओळखपत्राचे आणि योजनांचे काम होते, तिथे एकदा जाऊन यावे. आजोबांचे डिस्चार्ज बुक तिथेही लागतेच, तेव्हा शोधाल तेव्हा लगेच स्कॅन करून ठेवा.

आणि पदके फोटोसाठी चिंच-मीठ लावून घासू नका. आमच्याकडे एका उत्साही मामांनी तसे केले. कोरलेली अक्षरे बोथट झाली आणि फितीचा रंग उतरला. मऊ कोरड्या कापडाने पुसली तरी पुरे.

प्रश्नकर्ती: खारेगावची नात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात बरेच काही सापडले आणि ते नीट लावूनच इथे लिहावे असे वाटले.

डिस्चार्ज बुक आजीच्या कपाटात, साडीच्या घडीत होते. ट्रेडच्या जागी ‘सुतार’ लिहिले आहे. आमच्या डेस्कांबद्दल कोणी कौतुक केले की आजोबा ‘हात आहे म्हणून करतो’ एवढेच म्हणत, आणि आम्ही सर्वजण समजत होतो की ते गावच्या सुतारनेटावर बसून शिकले असतील. तो हात खडकीला घडला होता. निवृत्ती १९८४ ची. पाकिटे दोनच उरली आहेत आणि दोन्हींवर ५६ एपीओ आहे. आतेभावाला मी सुभेदारसाहेबांचे उत्तर जसेच्या तसे वाचायला दिले. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, ढाका काढ, पण ‘शौर्याने’ राहू दे. त्यावर आमची चर्चा अजून संपलेली नाही.

आजीला मी संपादिकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे तिच्याबद्दल विचारले. ती मेथी निवडत होती, फोन मी बाहेरच ठेवला होता. तिने सांगायला सुरुवात केली ती १९७२ च्या दुष्काळापासून. विहिरी आटल्या होत्या, जनावरे विकली होती, आणि गावातल्या बायांबरोबर ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. माझी आत्या तेव्हा कडेवरची. तिला झाडाखाली झोळीत ठेवून काम करायचे आणि दुपारी सुकडी मिळायची ती निम्मी तिच्यासाठी बांधून ठेवायची. युद्ध संपल्याचे सगळ्या गावाला ठाऊक होते, गावातले दुसरे दोघे जवान सुट्टीवर येऊनही गेले, आणि आजोबा मात्र आले नाहीत. पत्रात फक्त ‘काम चालू आहे, काळजी नसावी’ एवढेच असे. सासरे म्हणत, लढाई संपली तर याचे काय काम उरले आहे? आजीलाही तेच वाटे आणि त्याचा तिला राग येई. ते १९७३ च्या सुरुवातीला आले, तेव्हा आत्या त्यांना ओळखेना. आजी म्हणाली, ‘मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. कशाचं काम होतं ते त्यांनी सांगितलं नाही, अन् मी विचारलंबी नाही.’

मी तिला सुभेदारसाहेबांनी लिहिलेला सुरुंगांचा भाग वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाली, हे छाप, पण माझं खडी फोडायचंही छाप.

वाशीकर, आपले म्हणणेही मी विसरलेले नाही. आजोबा १९७२ मध्ये नेमके कुठे होते आणि त्यांनी काय पाहिले, यात मी कल्पनेने काही भरणार नाही. पदकाची मुदत, पाकिटावरचा पत्ता आणि आजीचे बोलणे एवढ्यावरच तो परिच्छेद उभा राहील. त्याचा मसुदा असा आहे, कृपया पाहावा:

‘१९७१ च्या युद्धात आजोबा पश्चिम आघाडीवर होते. युद्धविरामानंतरही ते वर्षभर तिकडेच होते. त्या काळात सॅपर्सकडे असलेल्या कामांपैकी एक जमिनीत राहिलेले सुरुंग काढण्याचे होते. त्यांच्या वाट्याला कोणते काम आले हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्याच वर्षी आजी माण तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दोघांची भेट झाली ती १९७३ मध्ये.’

यात काही चुकते आहे का? आणि खडकीला पाठवायच्या पत्राचे उत्तर येईपर्यंत छपाई थांबवावी का?

उत्तर: नौपाड्यातील संपादिका

परिच्छेदाला मी हात लावणार नाही. ‘शौर्याने’ या शब्दासाठी त्यात जागा नाही, हे आतेभावांना तो वाचून दाखवल्यावर पटेल असे वाटते. न पटल्यास त्यांना स्वतःच्या नावाने अर्धे पान लिहू द्यावे, तिथे त्यांचा तो हक्क आहे. आजींचा मजकूर शक्यतो त्यांच्याच बोलीत छापा, त्याला प्रमाण मराठीची इस्त्री करू नका.

उत्तर: निवृत्त सुभेदार (खारघर)

मसुदा बरोबर आहे. फक्त ‘पश्चिम आघाडीवर होते’ याच्या आधी ‘बॉम्बे सॅपर्सचे जवान म्हणून’ असे घालावे, म्हणजे पुढच्या वाक्यात सॅपर्स अचानक येणार नाहीत.

छपाई थांबवू नका. रेकॉर्ड ऑफिसकडून उत्तर यायला वेळ लागतो आणि इतके जुने कागद काढायचे म्हणजे आणखी लागतो. पत्र मात्र याच आठवड्यात, स्पीड पोस्टाने पाठवा. त्यात कोणत्या फील्ड कंपनीत, कोणत्या काळात होते, हा एकच प्रश्न स्पष्ट विचारा, दहा प्रश्न विचारले तर दहाही राहतात. सैनिक क्रमांक आणि पीपीओ क्रमांक इथे कोणी मागितला तरी उघड लिहू नका, आणि स्मरणिकेत डिस्चार्ज बुकाचे पान छापणार असाल तर ते क्रमांक झाकून छापा. कंपनीचे नाव वेळेत कळले नाही, तर स्मरणिकेत ती ओळ घेऊच नका.

वर्षश्राद्धाची तारीख आणि वेळ कळवलीत तर खारघरहून कळव्याला यायला मला अडचण नाही. आणखी दोन सॅपर सोबत आणीन.